वलगावचा नत्थू पाटी उतरतो

पौष शुद्ध ४, शके १७८५. संक्रांत.

आज एक पोरगा पाहिला!

शाळेत सातच मुलं आली. बाकीची कापूस वेचायला, नाहीतर गाड्यांवर. अमेरिकेतली लढाई संपून कापसाचा भाव उतरेपर्यंत माझी शाळा अशीच चालणार. लवकर सोडली आणि बाजाराकडे गेलो. कापसाच्या गाड्यांची रांग नाल्यापलीकडे गेलेली. माप होईस्तोवर गाड्यांवरची पोरं दोन-दोन दिवस तिथंच पडून असतात. आज त्यांनी धुळीत रेघा ओढून आट्यापाट्या मांडल्या होत्या. प्रत्येक आडव्या पाटीवर एक जण अडवायला. बाकीच्यांनी त्याचा हात न लागू देता पार जायचं आणि सगळ्या पाट्या ओलांडून परत यायचं. परत आला की लोण!

सगळे नाचत होते, हुलकावण्या देत होते. एक सडसडीत पोरगा मात्र पाटीसमोर नुसता उभा. हात खाली सोडलेले. समोरचा कंटाळून जरा हलला, की हा पलीकडे. जाताना दिसतच नाही — पोचलेलाच दिसतो.

तिळगूळ हातावर ठेवून नाव विचारलं. नत्थू. वलगावच्या जानरावांचा. वय सोळा.

पौष शुद्ध ६

इनायतुल्लाला घेऊन गेलो. तो पिंजारी, मी पंतोजी; पण पाटीवर आम्ही दहा वर्षं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे राहिलो. आता दोघांची पोटं सुटली, म्हणून अमरावतीचा संघ निवडायचं काम आमच्याकडे. शिवरात्रीच्या जत्रेत अकोल्याशी सामना. तीन वर्षं हरतो आहोत.

नत्थूला खेळताना पाहून इनायतुल्ला दाढी खाजवायला लागला. मग म्हणाला, "पोट्टा अच्छा है. मगर इसका बदन झूट नहीं बोलता, पंतोजी. और ये खेल झूट का है."

पौष शुद्ध ११

जानराव स्वतः आले, हुरडा घेऊन. धिप्पाड माणूस, बैलांच्या शिंगांना या वर्षी पितळी शेंब्या बसवल्यात. चार पोरं, नत्थू तिसरा. हंगाम ऐन भरात, आणि पोरगा गाडी सोडून खेळात रमतो, हे त्यांच्या कानावर गेलेलं. मला वाटलं भांडायला आले. पण हुरडा पुढं सरकवून सरळ म्हणाले:

"खरं सांगजा, पंतोजी. पोट्ट्यात काही असन तं शिवरात्रीलोक ठेवतो तुमच्यापाशी. नसन तं मोकळं सांगा, मी घेऊन जातो. पन त्याले अर्ध्यात लोंबकळत नका ठेवजा."

वसंतपंचमीपर्यंत मुदत मागितली. माणूस आवडला. पण आता जबाबदारी आली ना!

पौष शुद्ध १५

हुरडा सगळा संपला. बायको, पार्बताबाई, म्हणते, पोरगा कसा का असेना, बाप चांगला आहे.

पौष वद्य ३

आज पोराची खोट सापडली. इनायतुल्ला स्वतः पाटीवर उभा राहिला, आणि हललाच नाही! तोही उभा, नत्थूही उभा. बगळ्यासारखे दोघं. बाकीची पोरं आधी हसली, मग खाली बसली, मग बोरं खायला गेली. शेवटी नत्थूच हसला आणि मटकन बसला.

समोरचा हलला नाही तर याच्याकडे दुसरं काही नाही. अकोल्याचे लोक आंधळे नाहीत, एका दिवसात ओळखतील.

त्याला विचारलं, असं उभं राहायला कुठं शिकलास? तो लाजला. म्हणाला, बैल बिचकला तं त्याले वढाचं नाही. थांबाचं. तो पाय उचलते, तवाच समजते कोनीकडे जाईन ते.

छान आहे. पण अकोल्याला बैल खेळत नाहीत.

पौष वद्य ९

सहा दिवस हुलकावण्या शिकवतोय. खांदा डावीकडे, पाय उजवीकडे. नत्थू सगळं नीट ऐकतो, नीट करतो, आणि दर वेळी पकडला जातो! खोटं करताना चेहरा असा होतो की वाटतं आत्ताच कबुली देईल. इनायतुल्ला हसून हसून रेघेवरच आडवा झाला.

आणखी एक सवय. स्वतः पार जातो, आणि मागं कुणी पडलं तर वळून बघतो, लागलं का म्हणून. त्यात स्वतः बाद होतो. रागावलो तर म्हणाला, मी बघलं नाही तं कोन बघन?

पौष वद्य ३०

जमेना. जानरावांना काय सांगू? चांगला आहे, पण थोर नाही, असं? चांगली पोरं गल्लीगल्लीत आहेत. बापाचा एक गडी हंगामातून काढून घ्यायचा, तर तेवढं पुरत नाही.

सकाळपासून मनात घोळवत होतो. शेवटी ठरवलं, नाही म्हणून सांगायचं.

माघ शुद्ध ३

गोवर्धनला घेतला आज! दलालाचा बुटका पोरगा, तोंडाचा पट्टा कधी बंद नाही, पायाला भिंगरी. एकटा कधीच पार जात नाही — उतावळा. सहज म्हणून त्याला आणि नत्थूला एकाच पाटीवर सोडलं.

गोवर्धन नाचला, ओरडला, चार खोटे पाय टाकले. पाटीवरचा त्याच्याकडे वळला. नत्थू गेला. पुढच्या पाटीवरचा नत्थूकडे वळला, तर गोवर्धन गेला! शेवटपर्यंत गेले आणि परत आले. सगळं मैदान ओरडत होतं. मीही. धोतर सुटलं माझं.

इनायतुल्ला एवढंच म्हणाला, "झूट इसका, सब्र उसका."

माघ शुद्ध ५. वसंतपंचमी.

वलगावला गेलो. जानराव कापसाच्या ढिगावर बसले होते. दोन दिवस जे बोलायचं म्हणून जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हणालो, मी याच्यापेक्षा चपळ पोरं पाहिली आहेत, लबाड तर ढीगभर. पण हा घाबरत नाही, आणि सोबत्याला सोडत नाही. एकटा तो बराच आहे. दुसऱ्याबरोबर असला की दोघंही मोठे होतात. असं मी आजवर पाहिलेलं नाही.

जानरावांनी हातातला कापूस खाली ठेवला. म्हणाले, "मंग घेऊन जा."

नत्थू भिंतीआडून ऐकत होता. धावत गेला, बैलाच्या गळ्यात पडला!

माघ शुद्ध १३

रोज संध्याकाळी सराव. नत्थू आमच्याच घरी जेवतो. पार्बताबाईला भाकरी थापायला वेळ पुरत नाही, आणि ती खूश आहे. इतक्या कौतुकानं माझ्या जेवणाकडे कधी बघितलं नव्हतं.

माघ वद्य १०

निघालो. तीन गाड्या, तेवीस माणसं, एक तबला (कशाला, कुणास ठाऊक). बडनेऱ्याला आगगाडीसाठी मातीचा बांध घालताहेत, पोरं त्यावर चढून उड्या मारून आली. कुणाचा पाय मुरगळला नाही हे नशीब.

माघ वद्य १४, अकोला. शिवरात्र.

राजेश्वराच्या देवळाभोवती मुंगीला वाट नाही. पैसा नुसता उतू चाललाय यंदा. गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी लावलेला एक जण पाहिला! पोरांना लवकर झोपा म्हणून सांगितलं.

माघ वद्य ३०, अकोला

जिंकलो!!

नीट लिहितो.

पहिल्या डावात गोवर्धन सुरुवातीलाच बाद. नत्थू एकटा राहिला. समोर अकोल्याचा हणमंत, दारासारखा रुंद. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, कारण तो हललाच नाही. नत्थूही नाही. झालं! पुन्हा बगळे. लोक टाळ्या पिटायला लागले, कुणी म्हणालं चटया आना रे यांना. मी डोळे मिटून घेतले. इनायतुल्लानं माझं मनगट धरलेलं.

एकदम हसण्याचा लोट आला. डोळे उघडले. नत्थूनं भलीमोठी जांभई दिली होती. हणमंताचं तोंड आपोआप उघडलं, आ वासला, डोळे मिटले — आणि नत्थू पलीकडे! तिथून तो थांबला नाही. लोण घेऊनच परत आला. अकोल्याचे लोकही नाचले. पुढचे डाव गोवर्धन आणि तो, दोघांनी मिळून काढले.

खेळ संपल्यावर इनायतुल्लानं त्याला छातीशी धरलं. आखिर सीख गया झूट बोलना, म्हणाला. नत्थू गोंधळून म्हणाला:

"खरीच व्हती चाचा. रातभर देवळात भजन आयकत बसलो व्हतो."

माघ वद्य ३०, तीच तारीख

राहिलंच. पंगतीत एक दर्दी माणूस शेजारी बसला. बोरगावचे किसनराव पाटील. सबंध सामना उभ्यानं पाहिला म्हणे. केवढे बारकाईचे प्रश्न! पोराला राग येतो का. थोरांचं ऐकतो का. काही व्यसन. हरला तर जेवतो का. मी सगळं सांगितलं, मागं वळून बघण्याची सवयसुद्धा. ती खोट म्हणून सांगितली, तर पाटलांचे डोळे भरून आले. असा खेळाचा जाणकार आपल्या अमरावतीत एक नाही.

फाल्गुन शुद्ध ४

काल रात्री घरी पोचलो. पार्बताबाईनं दारातच सगळ्यांना ओवाळलं. रात्रीपासून सामना तिला तीनदा सांगून झाला. किसनराव पाटलांबद्दल सांगितलं तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली:

"त्या पाटलाले पोरगी हाये का?"

त्याचा आणि आट्यापाट्यांचा काय संबंध! बायकांना खेळातलं कळत नाही.

फाल्गुन शुद्ध १३

जानराव गूळ घेऊन आले. नत्थूचं लग्न ठरलं, वैशाखात. मुलगी बोरगावच्या किसनराव पाटलांची, एकुलती एक. पाटील म्हणाले म्हणे, चौकशी पंतोजीपाशी झाली, आता आनखी कोनाले पुसाचं काम नाही. अट एवढीच की जावई त्यांच्या घरी राहील.

बोरगाव अकोल्याच्या संघात खेळतं!

पार्बताबाई पदर तोंडाला लावून हसते आहे. इनायतुल्लाला निरोप धाडला: उद्या मैदानावर ये. नत्थूला अडवील असा कुणी शोधायचा आहे.