गाडी पिकअप घेत नाही

४ जानेवारी

गाडी आली! सेकंडहँड. डिझेल. टर्बो!

एजंट म्हणाला, "डॉक्टरीणबाईंची गाडी आहे साहेब. घर ते दवाखाना, बस्स." जगातल्या झाडून सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरीणबाईंच्याच असतात. बाकीची जनता बहुधा पायी फिरते.

पण चालवायला — अहाहा! पाय दाबला की क्षणभर विचार करते, मग शिट्टी मारते आणि पाठ सीटला चिकटते. शेजारच्या सर्वज्ञांनी (यांना काहीही विचारावं लागत नाही, ते आपणहून सांगतात) लगेच ज्ञान दिलं — त्या विचार करण्याला टर्बो लॅग म्हणतात. थोडा असायचाच. असू दे. मीसुद्धा काही करण्याआधी विचार करतो असा माझा समज आहे.

संध्याकाळी हिला आणि सासऱ्यांना खिंडीपर्यंत फिरवून आणलं. खिंडीच्या पलीकडे हॉस्पिटल. हिचं नाव तिथंच घातलंय, मार्चअखेरची तारीख. बसच्या भरवशावर तो चढ चढायचा नाही म्हणूनच तर गाडी घेतली. चढावर ओळीने चाललेले ट्रक एका दमात मागे टाकले. ही पोटावर हात ठेवून "अरे हळू, हळू" करत होती. सासरे पुढे माझ्या शेजारी. जन्मभर बस चालवलेला माणूस! वरचं हँडल घट्ट धरलेलं, आणि उजवा पाय असा रोवलेला जणू त्यांच्याकडेही एक ब्रेक आहे. घरी उतरल्यावर एवढंच म्हणाले, "दम आहे हो गाडीत."

"आहेच मुळी!" मी म्हटलं. कौतुक होतं की आणखी काही, कळलं नाही.

५ जानेवारी

सकाळी बघतो तर सासऱ्यांनी गाडी धुतलेली, आतून पुसलेली, पायाखाली नवीन जाड मॅट. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात, पण जावयाच्या वस्तूला हात लावायची ही पहिलीच वेळ. "आता दर रविवारी मीच करत जाईन," म्हणाले. मी गहिवरलो.

९ जानेवारी

गाडी ओढत नाही.

आधी वाटलं माझाच भास. पण नाही — सपाटीवर ठीक, चढ आला की मान टाकते. पाय पार खाली गेला तरी शिट्टी नाही. नुसतं गुरगुरणं. आज चढावर एका टेम्पोने मला ओव्हरटेक केलं. टेम्पोत कपाट होतं, पलंग होता, आणि पलंगावर बसलेल्या एका आजीबाई माझ्याकडे बघून हसल्या.

सर्वज्ञ म्हणाले, "टर्बो गेला." कोणी मेल्यासारखं, हळू आवाजात.

१२ जानेवारी

मेकॅनिककडे. भला माणूस, पण बोलतो जपून. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. बराच वेळ काही ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाला, "हवा कमी पडतेय."

एअर फिल्टर काढला. डॉक्टरीणबाईंनी बहुतेक दवाखान्यात वीटभट्टी चालवली असावी. नवा बसवला. फरक? आहे. माझं समाधान झालं, एवढा फरक.

१९ जानेवारी

डिझेल फिल्टर बदलला. गाडी तशीच.

२४ जानेवारी

आता हवेचा पाइप. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप, त्याला चीर गेली की दाब सुटतो, आणि गाडी अशीच मरगळते — इति मेकॅनिक. साबणाचं पाणी लावून बघितलं. बुडबुडे आले! आम्ही दोघे लहान पोरांसारखे नाचलो. सर्वज्ञ कुंपणावरून ओरडले, "मी म्हटलंच होतं!" काय म्हटलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

पाइप बदलला. चढावर गेलो. तेच. तोच चढ, तीच मरगळ, आणि मागे हॉर्न मारणारी अख्खी दुनिया.

घरी आल्यावर सासरे म्हणाले, "पोचता ना पण? मग झालं."

झालं काय, बाबा? टर्बोची गाडी घेतलीय, टांगा नाही! असं म्हणालो नाही. फक्त इथे लिहितोय.

२ फेब्रुवारी

टर्बो उतरवला. मेकॅनिकने त्याचं चाक बोटाने फिरवून दाखवलं — गर्रकन फिरलं, बराच वेळ फिरत राहिलं. "याला काही झालेलं नाही. अजून कितीतरी चालेल." मग चालत का नाही? "तेच बघतोय ना साहेब."

परत बसवला. उत्तम स्थितीतला टर्बो उत्तम स्थितीतल्या गाडीत. आणि गाडी बैलासारखी.

११ फेब्रुवारी

ही म्हणते, "मला तर आवडते अशी. पोटात बाळाला गचके बसत नाहीत." हिला कळत नाही. डॉक्टरांनी या खेपेला स्पष्ट सांगितलंय — दुखायला लागलं की रेंगाळू नका, लगेच निघा, बाळाचं डोकं नीट खाली वळलेलं नाही. लगेच निघू हो. निघण्याला काही अडचण नाहीच. पोचण्याचं बघावं लागेल.

रात्री डोळे मिटले की तो चढ दिसतो. भीती वाटते मला. सरळ लिहितो — भीती वाटते.

२० फेब्रुवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

आज मेकॅनिकने बॉनेट उघडून, इंजिनाजवळ उभं राहून, अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढला. आणि — शिट्टी! ती जुनी, लाडकी, पहिल्या दिवसाची शिट्टी! "आता तुम्ही आत बसून दाबा." दाबलं. गुरगुर.

"बघा," तो म्हणाला, "मी ओढलं की होतं. तुम्ही दाबलं की होत नाही."

"म्हणजे दोष माझ्या पायात?"

"तसं मी कुठे म्हटलं?" पण म्हणालाच होता.

निघालं ते असं: पेडलपासून इंजिनापर्यंत जी केबल जाते, ती ढिली. पाय पूर्ण खाली, पण तिकडे दांडा अर्धाच ओढला जातोय. इंजिन बिचारं ठणठणीत, त्याला कोणी पूर्ण सांगतच नव्हतं! केबल ताणून दिली. आणि गाडी? उडाली! संध्याकाळी मुद्दाम हिला आणि सासऱ्यांना घेऊन चढावर गेलो. टेम्पो दिसेल त्याला मागे टाकला. कपाट-पलंगवाला तो नव्हता, पण सूड तो सूडच.

सासरे पुन्हा पुढे, माझ्या शेजारी. हँडल या खेपेला दोन्ही हातांनी धरलेलं.

२३ फेब्रुवारी

परत मेली.

कालपर्यंत धावत होती. काल रविवार, सासऱ्यांनी धुतली-पुसली, चकचकीत केली. आज दुकानाकडे निघालो तर गोगलगाय.

मेकॅनिकने डोकं धरलं. "केबल शेवटपर्यंत ताणलीय साहेब, आता ताणायला जागाच नाही. केबलच वाढत चाललीय." नवी मागवलीय. जुनं मॉडेल, यायला वेळ लागेल. मार्चच्या मध्यापर्यंत नक्की, म्हणाला. त्याचं 'नक्की' आता माझ्या ओळखीचं झालंय.

सर्वज्ञांचं म्हणणं, गाडीला नजर लागली. टर्बोपासून सुरुवात करून इथवर आले गृहस्थ!

८ मार्च

केबल नाही. हिचे पाय सुजलेत. सासरे रोज संध्याकाळी तिला अंगणात फिरवतात. तिचा हात स्वतःच्या दंडावर घेतात आणि पावलाखाली खडा असेल तर आधी वाकून उचलतात. हे बघून बरं वाटतं. तेवढंच बरं वाटतं हल्ली.

१२ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षराकडे बघू नये.

सकाळी नाश्त्याच्या वेळी हिला कळा सुरू झाल्या. तारखेच्या कितीतरी आधी! हॉस्पिटलला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "अँब्युलन्स दुसरीकडे गेलीय. तुमच्याकडे गाडी आहे ना? मग थांबू नका." आहे ना! टर्बो आहे आमच्याकडे!

ही मागे, तिचं डोकं सासऱ्यांच्या मांडीवर. सपाटीवर ठीक. चढ लागला आणि गाडीने मान टाकली. दुसरा गिअर. पाय मॅटमध्ये रुतलेला. मी गाडीला शिव्या देतोय, एजंटला देतोय, त्या डॉक्टरीणबाईंना देतोय. मागे ही ओठ दाबून धरत होती, मग धरवेना, ओरडली. असं ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आणि सासरे म्हणाले, "गाडी थांबवा."

"वेड लागलंय का तुम्हाला?" — मी. सासऱ्यांना! आयुष्यात पहिल्यांदा.

"थांबवा म्हणतो ना!"

थांबवली. ते उतरले, धावत — त्या वयात धावत! — माझ्या दाराशी आले. "पाय काढा." गुडघ्यावर बसले, मॅट उचकटलं, पेडलच्या मागे हात घातला, काहीतरी हिसडून बाहेर काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. लाकडाचा तुकडा. "आता दाबा."

दाबलं. पाय कुठल्या कुठे खाली गेला! क्षणभर विचार, आणि शिट्टी.

खिंड कधी ओलांडली कळलं नाही.

१२ मार्च, दुपार

मुलगी! दोघी ठीक. ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरीणबाई (या खऱ्या) म्हणाल्या, "वेळेवर आलात. आणखी उशीर झाला असता तर बाळाचं अवघड होतं."

वेळेवर!! तो तुकडा माझ्या खिशात आहे.

१३ मार्च

बोललो. म्हणजे ओरडलो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीला टेकून. मी सगळी गाडी खोलली, टर्बो उतरवला, लोकांच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी होतं, आणि तुम्ही दर रविवारी फडकं घेऊन हसत होतात?

"हसत नव्हतो," म्हणाले.

मग सांगितलं. डेपोत नवीन ड्रायव्हर आला की वर्कशॉपवाले त्याच्या पेडलमागे लाकूड बसवत, म्हणजे पेडल अर्ध्यावरच अडे आणि वेग आपोआप आवरे. त्याला कोणी सांगत नसे. तो बोंब मारायचा — गाडी पिकअप घेत नाही! वर्कशॉप म्हणायचं, बघतो हं. हा तुकडा सासऱ्यांच्याच बसमधला, ते स्वतः नवीन होते तेव्हाचा. तेव्हापासून जपून ठेवलेला. एक कड पेडल घासून गुळगुळीत झालीय, आणि वरच्या बाजूला नवी पट्टी ठोकलीय. केबल ताणल्यानंतर ठोकलेली ती. मेकॅनिक एक पाऊल पुढे, की सासरे एक पट्टी पुढे!

"पहिल्या दिवशी तुम्ही ट्रक मागे टाकत होतात," म्हणाले, "आणि माझी पोर मागे पोट धरून बसली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"काल काय झालं असतं, कळतंय का?"

त्यावर त्यांचा चेहराच पडला. "घाई तिच्यासाठीच करावी लागेल, हे डोक्यातच आलं नाही हो. आजपर्यंत ज्यांना ज्यांना घाई होती, त्यांना उगाच होती." मग डोळ्यांना रुमाल लावला आणि बराच वेळ काढला नाही. म्हणाले, "माझं चुकलं. माझ्या हाताने मी पोरीला घालवली असती."

मला राग आहे. अजून आहे. पण त्या रुमालापुढे तो धरून ठेवायला फार जड जातोय.

जाता जाता विचारलं, "डेपोत ते लाकूड काढायचे कधी?"

"ड्रायव्हर रोज विचारायचा, गाडी कधी नीट होणार? ज्या दिवशी तो विचारायचा थांबला, त्या दिवशी काढायचे."

१५ मार्च

मेकॅनिकचा फोन. केबल आली! त्याला काय सांगू? म्हटलं, ठेव. माझ्या दुकानात मी दिवसभर लोकांना विचारतो, खालची ओळ दिसते का? हा आमचा चष्म्याचा धंदा. आणि स्वतःच्या पायाखालचं मला दिसलं नाही. हे सर्वज्ञांना कळता कामा नये.

१८ मार्च

आज तिघींना... तिघांना घरी आणलं. ही, मुलगी आणि सासरे. मुलगी एवढीशी, दुपट्यात बांधलेली, एक मूठ बाहेर काढून झोपलेली. निघण्याआधी, सगळे बसल्यावर, मी खाली वाकलो. खिशातून तुकडा काढला. नवी पट्टी उपटून टाकली, जुनं लाकूड पेडलमागे बसवलं. केबल ताणलेली आहे, तेव्हा खरीच वेळ आली तर शिट्टी वाजेल.

चढावर टेम्पोने ओव्हरटेक केलं. जा बाबा.

आरशात बघितलं. सासरे मागे नातीशेजारी बसले होते. हँडल धरलेलं नव्हतं. चक्क घोरत होते.