स्टुलावर बसायला ये

प्रिय मित्र रसूल यास,

सुकुमारचा जय जिनेंद्र आणि सलाम, दोन्ही घ्यावेत. अकिलावहिनींचे गुडघे कसे आहेत? लोणंदला लेकाकडे, अजहरकडे, तुम्हा दोघांचं बस्तान बसलं असेल. (फार बसू देऊ नकोस.) पत्र लिहायचं कारण, फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू सगळ्यालाच व्हय म्हणतोस. परवा विचारलं, जेवलास का, तर व्हय. सांगलीला परत कधी येणार, तरी व्हय.

तर आपल्या गाडीखाली, मागच्या बाजूला, तेलाचे डाग दिसू लागले. (कागदावर माझी असली तरी तिचं पोट तूही माझ्याइतकंच पाहिलं आहेस.) गॅरेजला न्यायला मन होईना. अंगणातल्या सपाट कोब्यावर घेतली, गिअर टाकला, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, सगळं तुझ्या पद्धतीनं. पण जॅकच्या जागी मुंग्यांची रांग. आम्हा जैनांच्या घरात त्यांच्यावर जॅक ठेवता येत नाही, म्हणून तर तू दर वेळी मऊ केरसुणी घेऊन आधी वाकायचास. तो झाडू काही सापडेना. मग मी डोकं चालवलं आणि त्यांना बाजूला न्यायला भिंतीशी चिमूटभर साखर टाकली. त्यावर गल्लीतल्या झाडून सगळ्या मुंग्या आल्या, आणि त्यांनाही गाडीखालचाच रस्ता जवळ पडला. सकाळ त्या जायची वाट बघण्यात गेली.

मुंग्या पांगल्यावर गाडी उचलली, लोखंडी घोड्या लावल्या, जॅक सैल करून वजन घोड्यांवर सोडलं, गाडीला धक्का देऊन पाहिला. हलली नाही. आता राहिला तुझा नियम, की एकट्यानं खाली जायचं नाही. खालच्यानं बोलत राहायचं, शेजारी स्टुलावर बसलेल्यानं व्हय म्हणत राहायचं, आणि व्हय थांबलं की बाहेर यायचं. म्हणून बायकोला, चंदनबालाला, स्टुलावर बसवलं. ती नुसतं व्हय म्हणेना. मी खालून भाचीच्या लग्नाचं काढलं, तर तिनं माझ्या बहिणीचा सगळा इतिहास सांगितला आणि मधेच दूध उतू जाईल म्हणून आत गेली. मला पत्ता नाही. मी सवयीनं विचारलं, "रसूल, हायस न्हवं?"

व्हय काही आलं नाही. नियमाप्रमाणे बाहेर आलो, तर स्टूल रिकामं. गड्या, तेव्हा तुझी फार आठवण आली. कोब्यावर तसाच बसून राहिलो. चंदनबाला बाहेर आली आणि म्हणाली, "आवं, रसूलभावजींना बोलवून घ्या. माज्या व्हयनं तुमचं भागत न्हाई."

वहिनींना नमस्कार, अजहरला आशीर्वाद.

तुझा,
सुकुमार

ता. क. डाग कसले ते कळलं. डिकीत ठेवलेला शेंगतेलाचा डबा पाझरत होता. गाडीला काहीही झालेलं नाही.

आणखी ता. क. तरी गाडी घोड्यांवरच ठेवली आहे. खाली उतरवायलाही दोघं लागतात. (लागत नाहीत, हे तुलाही माहीत आहे.) तू आलास की मी परत खाली जाईन. दुरुस्तीला काही नाही, पण बोलायचं बरंच साठलंय. ऐकू नाही आलं तरी चालेल, तू नुसतं व्हय म्हण.