मुकादम कोणाला सोडत नाही

तीर्थरूप आत्यास,

धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मेंढ्या बऱ्या आहेत ना? (याची उत्तरं सवडीने द्या; कुत्र्याबद्दलचं मात्र ताबडतोब.)

तुम्ही दिलेला बॉर्डर कॉली कुत्रा घरी आल्यापासून माझी झोप उडाली आहे. ही जात हुशार, चपळ, नुसत्या नजरेने मेंढ्या वळवणारी, तिला सतत काम लागतं, असं तुम्ही बजावलं होतंत. काम काय, सापडेल, असं मला वाटलं. ते त्यानेच शोधलं. आम्ही त्याला मुकादम म्हणतो. माझा दातांचा दवाखाना घराला लागूनच. बाहेर बाकांवर पेशंट बसतात आणि आतून मशीनचा आवाज आला की त्यातले दोघंतिघं गाडी नीट लावून येतो म्हणून जातात, ते कायमचे. मुकादमाला कळपातलं कोणी फुटलेलं खपत नाही. भुंकत नाही, चावत नाही. पोट जमिनीला टेकवून वाटेत आडवा होतो आणि एकटक बघतो. परवा एक हवालदार (चोरांना न घाबरणारा) दारापर्यंत गेला आणि उलट्या पावली बाकावर येऊन बसला.

गर्दी बघून लोक माझं अभिनंदन करतात. आत्या, तुम्हाला म्हणून सांगतो, माझा दवाखाना पळून जाणाऱ्यांच्या कृपेने चालला होता. दात साफ करणं, भरणं, कवळी बसवणं यात मी कोणाला हार जाणार नाही, पण दाढ उपटायची म्हटलं की माझेच हातपाय गळतात. अवघड पेशंट आपणहून पळे, दोघंही सुटत असू. आता कोणी पळत नाही. मंगळवारी तर मीच मागच्या दाराने निघालो होतो (दूध आणायला; घरात दूध होतं ही गोष्ट वेगळी), तर हा बोळात आडवा. पोटरीला नाक लावत लावत त्याने मला खुर्चीपाशी आणून सोडलं.

आणि रविवारी सासरे येताहेत. खालची दाढ, मुळं वाकडी. घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला जाता, असं हिने त्यांना अभिमानाने सांगितलंय. लग्नापासून ते मला ‘बरा आहे’ यापलीकडे काही म्हणालेले नाहीत. मूळ तुटून आत राहिलं तर तेवढंही म्हणणार नाहीत. माझा जीव टांगणीला लागलाय. पत्र मिळताच या मुकादमाला घेऊन जा.

तुमचा,
धाकटा

ता. क. येणं जमत नसेल तर मेंढ्या मोकळ्या सोडताना तुम्ही कशी शीळ घालता, तेवढं कळवा. हिला सांगू नका.

ता. क. दुसरा. पत्र टाकायला निघालो, तर मुकादमाने बोळातूनच परत आणलं, म्हणून ते अजून घरातच आहे. रविवार झाला. इंजेक्शन बघून सासरे उठले, मीही उठलो, आणि दारात हा. दुसरं करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून दाढ काढली. मुळासकट निघाली. तोंडात कापूस धरून सासरे म्हणाले, “जावईबापू, तुमचे हात कापत होते, माझे पाय. पण हा बघत होता ना.”

ता. क. तिसरा. तुम्ही याच. बाबा सांगत होते, तुमची दाढ कधीची दुखतेय आणि तुम्ही कोणाला तोंड उघडून दाखवत नाही. येताना पोटभर जेवून या.