हौशी की पगारी

बाबा, आज सकाळी त्याचा फोन आला होता. शर्यतीतला माझा जोडीदार, ठाण्याच्या डॉक्टरांचा मुलगा, ज्याला तू कायम 'चष्मेवाला' म्हणायचास. आम्ही दोघंही आता म्हातारे झालो, पण त्याचा प्रश्न काही म्हातारा होत नाही. त्या दिवशी कमिटीपुढे मी तसं का बोललो, एवढंच त्याला हवं असतं, आणि मी दरवेळी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करून विषय बदलतो. आज फोन ठेवल्यावर वाटलं, त्याला नाही तर निदान तुला तरी सांगावं. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे. जिवंत होतास तेव्हा तरी कुठे कोणाचं ऐकायचास?

आपल्या घरात कामाचे दोनच प्रकार होते, मजुरीचं आणि वेठीचं. आजोबांनी अंजूरच्या शेतांवर जमीनदाराची वेठ केली होती, दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने, वर शिव्या खाऊन घरी यायचं. ही गोष्ट तू इतक्या वेळा सांगितलीस की ती वेठ मीच केल्यासारखी मला पाठ होती. तू स्वतः आधी मचवा चालवलास, खाडीतून पेंढा आणि विटा नेल्यास. मग त्या मालाची वाहतूक ट्रकवाल्यांनी पळवली, तेव्हा मचवा विकून तू भिवंडीला लूमवर लागलास. खडखडाटात तुझे कान गेले आणि तू घरातही ओरडूनच बोलायला लागलास. मी मामाच्या ओळखीने मुंबईला, शिडाच्या होड्यांच्या एका क्लबात कामाला जाणार हे सांगायला तुझ्या कारखान्यात आलो, तेव्हा लूमच्या दोन ओळींमध्ये उभा राहून तू सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंस, "पगार हाय का?" मी मान हलवली. तू लगेच तुटलेला धागा जोडायला वळलास, म्हणजे परवानगी मिळाली.

काम होड्या धुवायचं, शिडं वाळवायचं, साहेबांची मुलं शर्यतीहून आली की होडी पाण्याबाहेर ओढायचं. एका रविवारी चष्मेवाल्याचा जोडीदार आला नाही आणि त्याने मला हाक मारली. फायबरची, दोघांची होडी, इतकी हलकी की आपल्या मचव्यात ठेवून वर पेंढाही भरता आला असता. तो सुकाणूवर आणि मी तारेवर. डोलकाठीवरून येणारी तार कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, पाय होडीच्या काठावर रोवायचे आणि सगळं अंग बाहेर, पाण्यावर झोकून द्यायचं, म्हणजे वाऱ्याने होडी कलंडत नाही. वारा कुठून येणार हे मला पाण्याच्या रंगावरून कळायचं, ते तूच शिकवलेलं. त्या दिवशी आम्ही दुसरे आलो. मग दर रविवारी मीच. त्याच्या डोक्यात ऑलिम्पिक होतं, पुढचं ऑलिम्पिक कॅनडात व्हायचं होतं. कॅनडा कुठे आहे ते मला त्याने क्लबाच्या ओट्यावर खडूने नकाशा काढून दाखवलं, आणि मग माझ्याही डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

घरी आलो की आई चुलीपुढे बसलेली असायची, तव्यावर तांदळाची भाकरी. माझे हात दोराने सोललेले बघून तू म्हणालास, रविवारचा पगार वेगळा देतात ना? मी म्हणालो, देतात. आईने सोललेल्या हातांना हळद लावली आणि तू समाधानाने सुकट कालवून जेवलास.

निवड शर्यतींचा शेवटचा दिवस आला, त्या दिवशी तुमच्या कारखान्याची वीज बंद होती म्हणून तू आलास. धुतलेली टोपी, भाकऱ्यांचं फडकं, क्लबाच्या गच्चीवर एका टोकाला उभा. लहानपणी मी मचव्याच्या काठावर बसलो तर तू वल्ह्याने पाय शेकायचास, होडीबाहेर अंग काढायचं न्हाय म्हणून. आणि आता तू वरून बघतोयस, तर तुझा पोरगा होडीत नाहीच. नंतर तू आईला सांगितलंस म्हणे, पोऱ्या पाण्यावर उभा होता. बाबा, त्या दिवशी वारा असा होता की शेवटच्या वळणानंतर आमच्या पुढे कोणी नव्हतं, नुसतं पाणी होतं. आम्ही पहिले आलो. सगळ्या शर्यतींचे गुण धरूनही पहिले. तुला मी तसं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या आलेल्या जोडीने तक्रार केली की हा तर क्लबाचा पगारी नोकर. त्या काळी ऑलिम्पिकला हौशी खेळाडूच चालायचे, खेळाचे पैसे घेतलेला माणूस बाद. गच्चीवरच टेबल मांडून कमिटी बसली. त्यातले म्हातारे साहेब भले होते. ते म्हणाले, होड्या धुण्याचा पगार वेगळा, तो आम्ही धरत नाही, पण शर्यतीचे पैसे घेतोस का? चष्मेवाला घाईघाईने म्हणाला, नाही सर, शर्यतीत हा फुकट येतो.

फुकट हा शब्द तुला बरोबर ऐकू गेला. एरवी काही ऐकू यायचं नाही, तेवढं मात्र आलं. तू फडकं तिथेच ठेवून टेबलापाशी आलास आणि लूमवर बोलावं तसं बोललास, "माझा पोऱ्या फुकट न्हाय राबत. पगार घेतं." कोणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, खरं काय? चष्मेवाला माझ्या पायावर पाय देत होता. तू ताठ उभा होतास, तुझ्या बापाला उभं राहता आलं नव्हतं तसा.

मी म्हणालो, "बाबा सांगतात ते खरं."

दुसरी जोडी निवडली गेली. एसटीत तू विचारलंस, काय ठरलं? मी म्हणालो, हरलो. तू म्हणालास, वारा दुसऱ्याचा, होडी दुसऱ्याची, असू दे. मग तुला झोप लागली आणि भिवंडी येईपर्यंत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी रडलो नाही. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

तुझ्यावर नव्हे. जे म्हणतात की अडाणी बापाने पोराचं ऑलिम्पिक घालवलं, त्यांना मी दारात उभं करत नाही. चष्मेवाल्याचंही त्या दिवशी माझ्या एका वाक्याने गेलं, हे मला कळतं आणि तो विषय काढतो तेव्हा त्याचा हक्कच असतो. पण तेच टेबल आज पुन्हा मांडलं तरी मी तेच वाक्य बोलेन. त्या हसणाऱ्यांसमोर तुला खोटं पाडून मिळणारा कॅनडा मला नको होता, आजही नको आहे. आणि हौस कशाला म्हणतात हे ठरवणारे ते कोण? ज्याच्या पोटाची सोय बापाने करून ठेवली तो हौशी, आणि आठवडाभर दुसऱ्यांच्या होड्या घासून रविवारी सोललेल्या हातांनी पुन्हा दोर धरणारा मात्र संशयित? माझ्याइतकी हौस त्या गच्चीवर एकालाही नव्हती. हे मी तेव्हा बोललो नाही, आता मोठ्याने बोलतो, आणि घरातली माणसं वळून बघतात.

हा कागद मी चष्मेवाल्याला दाखवणार नाही, तुझ्यापर्यंत तर तो पोचायचाच नाही. म्हणून लिहायला हरकत नाही. रविवारचा पगार देतात असं मी तुला चुलीपुढे सांगितलं, ते खोटं होतं. नाही म्हटलं असतं तर तू मला जाऊच दिलं नसतंस. चष्मेवाला खरं बोलत होता, बाबा. मी फुकट जायचो. आणि मला कोणी वेठीला धरलं नव्हतं, मीच धावत जायचो.