अक्रोडाच्या चार चकत्या

मी, व्हर्जिल स्टॅम्पर, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा बंदुका दुरुस्तीचा, राहणार ट्रेस फोर्क, पूर्व केंटकी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. दारूला मी १९७४ सालापासून शिवलेलो नाही, तेव्हा म्हाताऱ्याने पिऊन खरडलं असं कुणी म्हणू नये. माझ्यावर कुणाही माणसाचा दबाव नाही. दबाव आहे तो एका तारखेचा. नऊ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि त्याच दिवशी माझा नातू टकर सहा वर्षांचा होतो. डॉक्टर मला ऑक्टोबरपर्यंतची मुदत देतात.

कलम १. राहते घर, त्याखालची चार एकर जमीन आणि ओढ्यापलीकडचा उतार हे सर्व माझा मुलगा डेन्व्हर स्टॅम्पर यास द्यावे. यास कोणतीही अट नाही. अट घालायची माझी फार इच्छा होती. पण वकीलबाई आयव्हा कॉर्नेट म्हणाल्या, "व्हर्जिल, थडग्यातून कुणाचे कान धरता येत नाहीत." शिवाय घर देऊन विकत घेतलेला शब्द घर विकेपर्यंतच टिकतो. डेन्व्हर, छप्पर उत्तरेकडून गळतं. पत्रे कोठारात आणून ठेवले आहेत.

कलम २. लेथ, शिकंजा, कानशींचा पूर्ण संच, करवती आणि कामाचे टेबल माझा जुना शागीर्द ग्लेन कॉडिल यास द्यावे. भोकं पाडायचे यंत्र माझा मेव्हणा ऑर्व्हिल याने १९८८ साली दोन दिवसांसाठी नेले, ते त्याच्याकडेच राहू द्यावे. मागायला गेलात तर तो विचारेल, "कुठलं यंत्र?" आणि वर तुम्हालाच कॉफी पाजेल. त्या माणसाशी भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता ते भांडणही मी त्यालाच देतो.

ग्लेनला एक विनंती आहे. त्याने कुणाचीही बंदूक दुरुस्त करावी, पण लहान मुलाच्या मापाची करून देऊ नये. ते काम मी चव्वेचाळीस वर्षांहून जास्त केलं. मोठ्यांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता पोराच्या खांद्याला लांब पडतो. म्हणून तो मागून करवतीने कापायचा आणि कापलेल्या तुकड्याच्या चकत्या करून ठेवायच्या. पोर वाढलं, की दर वर्षी एक चकती पुन्हा स्क्रूने बसवायची. पोर सोळाचं होतं तेव्हा दस्ता पुन्हा पूर्ण झालेला असतो. भिंतीवर पेन्सिलीने उंची मांडतात तसंच हे. आयांचे डोळे भरून यायचे. मला या कामाचा गर्व होता, हे लपवत नाही.

कलम ३. माझी कुत्री डॉली ही शेजारी ह्यूबर्टकडे द्यावी. तो तिला उरलेली मक्याची पोळी घालतो हे मला ठाऊक आहे. ती मला सोडून त्याच्याकडे जेवते हेही ठाऊक आहे.

कलम ४. माझी ०.२२ ची बंदूक, जिच्यावर 'डेन्व्हर' असे चाकूने कोरले आहे, ती कुणालाही देता येणार नाही. ती आता अस्तित्वात नाही. का नाही, ते लिहितो.

गेल्या महिन्यात डेन्व्हर टकरला घेऊन आला. माझ्या कोठाराच्या माळ्यावर त्याला ती बंदूक सापडली होती. गोणपाटात गुंडाळून, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे मीच ती ठेवली होती. धुळीने माखलेला, खूश होऊन तो आत आला.

"डॅडी, बघा काय मिळालं! माझीच की ही! तुम्ही म्हणाला होतात विकली."

"विसरलो असेन."

"दस्ता कापलेलाच आहे. टकरला एकदम बसेल. वाढदिवसापर्यंत तेवढी तेलपाणी करून द्या. आणि चापाची स्प्रिंग जरा हलकी करा हं, त्याचं बोट अजून इवलंसं आहे."

मी बाकावर बसलो. टकर माझ्या प्राणवायूच्या नळीशी खेळत होता. मी म्हटलं, "सहा वर्षांच्या पोराला बंदूक नको, डेन्व्हर. चौदाचा होऊ दे."

"चौदा? तोवर त्याचे मित्र त्याला फ्रॉक घालतील."

"घालू देत."

मग तो जे बोलला ते त्याने मुद्दाम दुखवायला म्हटलं नाही, हे मला माहीत आहे. पोराला बाहेर पाठवून, आवाज खाली आणून, गेलेल्या धाकट्या बहिणीविषयी तो म्हणाला, "लोरीनचं मनातून काढा आता. पंचेचाळीस वर्षं झाली. बंदूक वाईट नसते डॅडी, निष्काळजी माणूस वाईट असतो. तुम्ही भरलेली बंदूक साफ करायला घेतलीत. मला बघा, सहाव्या वर्षापासून हाताळतोय. मी एकदा तरी चुकलोय का?"

तो गेल्यावर ती बंदूक शिकंज्यात धरून तिचे तीन तुकडे केले आणि ह्यूबर्टच्या गाडीतून जाऊन नदीत टाकले. कळल्यावर डेन्व्हर नुसता हसला. "काही हरकत नाही," म्हणाला, "दुकानात पोरांच्या मापाच्या तयार मिळतात आता, निळ्यासुद्धा." तेव्हा मला कळलं की हातातले सगळे उपाय संपले.

कलम ५. वकीलबाईंनी इथवर वाचून थांबावे. डेन्व्हरला एकच प्रश्न विचारावा: टकर चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या हाती बंदूक देणार नाहीस, असा शब्द तू टकरसमोर देतोस का? तो 'हो' म्हणाला, तर पुढचे दुमडलेले पान त्याच्यादेखत न वाचता चुलीत टाकावे. डेन्व्हर, 'हो' म्हण. म्हाताऱ्याचा वेडेपणा म्हणून म्हण, मला शिव्या देत म्हण. माझ्याविषयी जे मानत आलास तेच मानत राहा. मला ते चालतं. तुझ्या पाया पडतो, पोरा, इथेच थांब.

तो 'नाही' म्हणाला, तर आणि तरच पुढे वाचावे.

कलम ६. डेन्व्हर, लोरीन गेली तेव्हा बंदूक माझ्या हातात नव्हती.

मी मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो. तुझी आई चुलीवरच्या घेवड्याला मीठ टाकत होती. तू पाच वर्षांचा होतास आणि ती बंदूक तुला मीच दिली होती. दाराआड उभी असायची. आमच्याकडे नियम होता, घरातली प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. कुणी फसू नये म्हणून आम्ही ती खरोखरच भरून ठेवायचो. इतकी अक्कल आमच्यात होती.

त्याच्या आदल्या आठवड्यात तू रडत आला होतास. चाप तुला ओढवत नव्हता, ऑर्व्हिलची पोरं हसत होती. मी तुला मांडीवर घेतलं, तुझं बोट मापलं आणि स्प्रिंग कापून हलकी केली. उभ्या आयुष्यात माझ्या हातून इतकं नेमकं काम झालं नव्हतं. लोरीन तीन वर्षांची होती. तू तिला शिकारीचा खेळ दाखवत होतास.

मी धावत आत आलो तेव्हा तू म्हणालास, "डॅडी, ही आता सहज ओढली गेली."

अकरा दिवस तू बोलला नाहीस. बाराव्या दिवशी ब्रेड मागितलास आणि तुला काहीच आठवत नव्हतं. शेरीफला मी सांगून बसलो होतो, की साफ करताना माझ्या हातून सुटली. त्या रात्री तुझी आई म्हणाली, "पोराला कळलं तर तो जगायचा नाही. गिळून टाक, व्हर्जिल. मरेपर्यंत." ऑर्व्हिलने तुला सहाव्या वर्षी दुसरी बंदूक आणली. तेव्हा नको म्हणायला माझ्याकडे सांगता येईल असं कारण नव्हतं. इतरांच्या पोरांचे दस्ते कापणंही थांबवलं नाही. थांबवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. माझ्या भित्रेपणाची ही किंमत इतरांच्या घरी ठेवून आलो, त्याबद्दल मला माफी नसावी.

तुझ्या आईला दिलेला शब्द मी पाळला आहे. हे वाचलं जाईल तेव्हा मी मेलेलो असेन.

तू चुकलास असं मी म्हणत नाही. पाच वर्षांचं पोर चुकत नसतं, त्याला चूक हातात दिली जाते. माझ्या टेबलाच्या खणात कॉफीचा एक डबा आहे. त्यात तुझ्या दस्त्याच्या अक्रोडाच्या चार चकत्या आहेत. त्यातली एकही मी पुन्हा बसवली नाही. त्या तुझ्या.

काल टकर माझ्या पलंगावर चढून बसला आणि त्याने माझ्या हातात हात दिला. जुनी खोड, मी त्याचं बोट मापलं. डेन्व्हर, तुझं तेव्हा होतं तेवढंच आहे.

वरील मजकूर मी स्वखुशीने लिहिला असून तो खरा आहे. शेवटचे कलम जळून जावे अशी माझी इच्छा आहे.

(सही) व्हर्जिल टी. स्टॅम्पर

आमच्यासमोर सही केली. शेवटचे पान दुमडलेले होते, ते आम्ही वाचलेले नाही.

साक्षीदार १. ह्यूबर्ट नोबल, शेजारी
साक्षीदार २. एडिथ फुगेट, टपाल कचेरी

ट्रेस फोर्क, केंटकी
१४ सप्टेंबर २०१९