तीन ओळींची चिठ्ठी

कातकोचा, १४ मे

प्रिय दिग्ना,

'अनाही माझ्याबरोबर इकडे यायला तयार आहे की नाही, एवढंच सांग,' असं तू फोनवर विचारलंस आणि मी लाइन खराब असल्याचं सोंग केलं. लाइन चांगली होती. एवढंच सांगता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. शाळा सुटली आहे, वाचनालयाचं दार लोटून घेतलंय. तुझी आई बरी आहे. आजही तिने कच्च्या केळ्यांचं सूप डबाभर पाठवलं आणि वर निरोप, 'त्या एनितला म्हणावं, पुस्तकं चघळून पोट भरत नाही.'

मार्चमध्ये नव्या पुस्तकांचं खोकं आलं. सगळ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या. आमच्याकडे एक रीत आहे, तुला ठाऊक नसेल. नवं पुस्तक जो पहिल्यांदा वाचेल त्याने चिठ्ठी लिहायची आणि ती मुखपृष्ठाला टाचायची. तीनच ओळी. नाव घालायचं नाही. 'छान' आणि 'सुंदर' हे शब्द वापरायचे नाहीत. आणि पहिल्या ओळीत सांगायचं की हे पुस्तक कोणी वाचावं. बाकीची पोरं त्या चिठ्ठ्या वाचून पुस्तकं उचलतात. माझ्या शिफारशीला कोणी विचारत नाही. नववीतल्या एकाने तोंडावर सांगितलं, 'बाई, तुम्ही चांगलं म्हटलंत की आम्हाला ते अभ्यासाचं वाटतं.' चिठ्ठ्या मात्र वाचण्यासारख्या असतात. परवाची एक: 'ज्यांना घोडे आवडतात त्यांनी वाचू नये. घोडा मरतो. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.'

सगळ्यांत धारदार चिठ्ठ्या अनाहीच्या. नाव नसलं तरी मुलं तिचं अक्षर ओळखतात आणि तिचीच पुस्तकं आधी पळवतात. हे तुझ्या लेकीने तुझ्याकडून घेतलंय. आपल्या वेळी एकच कपाट होतं, त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. शेवटची पानं फाटलेली पुस्तकं तू घरी न्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी मला शेवट सांगायचीस. ते सगळे शेवट तू रचलेले होते हे मला बाविसाव्या वर्षी कळलं, तेही तूच हसत हसत सांगितलंस म्हणून.

त्या खोक्यात एक कादंबरी होती. चौदा वर्षांची मुलगी, आणि दूर देशात परक्या म्हाताऱ्यांची सेवा करणारी तिची आई. मी ती एका बैठकीत वाचली आणि मग जे कुठल्याही ग्रंथपालाने कधी करू नये ते केलं. मधल्या सुट्टीत, सगळ्या मुलींच्या देखत, ते पुस्तक अनाहीच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, 'हे खास तुझ्यासाठी.' तिने मुखपृष्ठ पाहिलं. मुलींनी तिच्याकडे पाहिलं. तिने पुस्तक अलगद टेबलावर ठेवलं. 'बाई, मला काय ताप आलाय? औषध दिल्यासारखं पुस्तक देताय.' मुली खिदळल्या, मीही गंमत असल्यासारखी हसले. त्यानंतर बावीस दिवस ती माझ्या देखत वाचनालयाची पायरी चढली नाही.

तिला तिकडे न्यायचे तुझे कागद झाल्याचं तू फेब्रुवारीत कळवलंस, तेव्हापासून ती रविवारी फोनच्या वेळेला घरातून निघून जाते, हे तुझ्या आईने मला सांगितलं होतं. तुला आई सांगते, 'मैत्रिणीकडे गेलीय.' मैत्रीण वगैरे कोणी नसते. ती कड्यावर जाऊन बसते आणि फोन संपला असेल अशा बेताने परत येते. हे माहीत असूनही मी तिला ते पुस्तक दिलं. वाटलं होतं, पुस्तक माझं काम करेल.

त्याच दिवसांत ते पुस्तक फळीवरून नाहीसं झालं. नोंदवहीत नोंद नाही. मी ओळखलं आणि गप्प बसले. आठवीतल्या दोघी ते मागायला आल्या तर 'शिवायला दिलंय' असं ठोकून दिलं. चौथ्या आठवड्यात एका सोमवारी ते परत जागेवर होतं. पानांत शेंगदाण्याची सालं आणि वर चिठ्ठी. तशीच उतरवते:

'हे मुलांनी वाचू नये, त्यांना सगळं माहीत असतं; दूर देशी गेलेल्या आयांनी वाचावं. यात आई एकशे नव्वद पानं पैसे पाठवते, पण रविवारी फोन ठेवल्यावर ती काय करते ते कुठेच नाही. निरोपाचं प्रकरण खोटं आहे.'

त्या दुपारी ती आली, माझ्यासमोर बसली आणि शेंगा फोडू लागली. खोटं का, म्हणून मी विचारलं. 'सात पानं निरोप, एनितमावशी! आई रडते, मुलगी रडते, कुत्रासुद्धा रडतो. आमच्याकडे कुठे होता कुत्रा?' मला हसू आलं, तिलाही आलं. मग शेंगेवरची नजर न हलवता तिने विचारलं, 'त्या दिवशी तू मला बेकरीवरून का नेलंस? शाळा तर सरळ रस्त्यावर होती.'

दिग्ना, तू गेलीस त्या दिवसाबद्दल आपण दोघी नऊ वर्षांत एकदाही बोललेलो नाही. इथे सगळे तसंच करायचे, लेकराला न सांगता निघायचे. रडारड नको, पाऊल अडायला नको. पण तुला तिला सांगायचं होतं. आदल्या दिवशी तू माझ्या ओट्यावर बसून म्हणालीस, 'मी तिला मांडीवर घेऊन सांगते.' आणि मीच तुला गप्प केलं. 'वेडी आहेस का? सांगितलंस तर निघणारच नाहीस. मी तिला लांबच्या वाटेने नेते.' तिला बेकरीतून गोड पाव घेऊन दिला. खाली बसचा भोंगा वाजला तेव्हा मी मोठ्याने गाणं म्हणायला लागले. पाच वर्षांची होती, म्हटलं, काय कळणार. तिला भोंगाही आठवतो आणि गाणंही. फक्त ती वाट कोणी ठरवली, ते तिला माहीत नव्हतं. नऊ वर्षं तिने तो राग तुझ्या नावावर ठेवला आणि मी तो तिथेच राहू दिला.

मी सगळं सांगितलं. तिने आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाली, 'आणि आईने तुझं ऐकलं?' म्हटलं, 'ऐकलं.' 'मग दोघींचा अर्धा अर्धा,' असं म्हणून तिने माझ्यापुढे सोललेल्या शेंगा सरकवल्या. जाताना दारातून वळून बजावलं, 'मावशी, यापुढे खास माझ्यासाठी काही द्यायचं नाही. फळीवर ठेव, मी शोधीन.' दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा यायला लागली. फोनवर मात्र अजून येणार नाही. 'फोनवर आई फक्त जेवलीस का विचारते,' असं तिचं म्हणणं आहे. आणि ते खरं आहे, दिग्ना.

हे पुडकं मी तिकडे तुमच्या लोर्काला परतणाऱ्या एका शेजारणीच्या हाती देते आहे. आत ती कादंबरी आहे, अनाहीची चिठ्ठी तशीच टाचलेली, आणि सोबत एक कोरी चिठ्ठी. ती मी ठेवलेली नाही. शाळेबाहेर पुस्तक द्यायचा नियम नाही, पण आज सकाळी नोंदवही उघडली तर नोंद आधीच झालेली होती, तिच्या अक्षरात. वाचकाचं नाव: दिग्ना. इयत्ता: रेघ. परतीची तारीख: वीस जुलै. शेरा: 'स्वतः आणून द्यावे. फोनवर मुदत वाढवून मिळणार नाही.' ती तुझ्याबरोबर तिकडे येईल का, ते मला अजूनही माहीत नाही. पण तिने तुला तारीख दिली आहे. तेव्हा वाच आणि चिठ्ठी लिही. रविवारी फोन ठेवल्यावर तू काय करतेस ते लिही. 'तुझ्यासाठीच सगळं केलं' हे वाक्य 'छान' आणि 'सुंदर'च्या यादीतलं समज. तीन ओळींत मावलं नाही तर मागची बाजू वापर. एवढी सूट ग्रंथपाल म्हणून मी देते.

तुझीच,
एनित