मेंदीच्या कुंपणाखाली

जळकोट,
मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १८६९

ती. पार्वतम्मा अक्कास,

धाकट्या धोंडप्पाचे शरणु शरणार्थ.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ज्वारी पोटरीत आली आहे. म्हैस व्याली, रेडकू झालं. तुझ्या भावजयीचा, जगदेवीचा, खोकला अजून हटत नाही, पण कामाला खंड नाही. टपालाचा भरवसा उरलेला नाही, म्हणून सोलापूरला निघालेल्या बंडप्पाच्या हाती हे पत्र देतो. तो दोन दिवस राहील. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

तुझी चिठ्ठी मिळाली. गुंडूच्या गळ्यात इष्टलिंग पडलं का, एवढंच तू विचारलंस. माझी, पोरांची, कुणाची चौकशी नाही. राग नाही आला. सांगतो, पण मला माझ्या चालीनं सांगू दे.

निजामाचा दारूवरचा महसूल बुडवायला शिंदीची झाडं तोडली म्हणून आपल्या भावाला, गुंडूला, धाराशिवच्या तुरुंगात घातलं, तेव्हा गळ्यातलं लिंग तरी त्याच्याजवळ होतं. दिवाळीनंतर नव्या अधिकाऱ्यानं कैद्यांच्या अंगावरचे जिन्नस जमा करून घेतले, त्यात चांदीच्या डबीसकट तेही गेलं. लिंगपूजा नाही तर जेवण नाही, म्हणून पोरानं तुरुंगातली भाकर सोडली. हे कळल्यावर तू स्वामींकडून नवं लिंग घेऊन इकडं धाडलंस आणि ते त्याच्या गळ्यात पडेपर्यंत आपणही अन्नाला शिवणार नाही म्हणालीस. आपल्या घरात एकाचं डोकं फिरलं की दुसऱ्याचं फिरतंच.

तर मी धाराशिवला गेलो. बरोबर माकणीचा बब्रुवान होता. त्याचा भाऊ रामकिसन गुंडूच्याच कोठडीत आहे. भेटी बंद आहेत, पण चौकातल्या बागेत कैदी दिसतात, असं तोच म्हणाला.

ती बाग तुला आठवत असेल. लहानपणी अप्पा कोर्टाच्या तारखेला गेले तेव्हा आपल्याला घेऊन गेले होते. जुन्या काळच्या कुण्या तालुकदारानं केलेली, चारी बाजूंनी कचेऱ्या, चार वाटा मधल्या हौदापाशी येऊन मिळतात. कारंजं आता बंद आहे. मेंदीची कुंपणं मात्र कातरून ठेवलेली, गुलाबही चांगले. ते काम कैद्यांकडून करून घेतात. झाडं तोडली म्हणून धरलेली पोरं तिथं झाडांना पाणी घालतात.

आम्हाला फिरायला आलेल्या माणसांचं सोंग करायचं होतं. अक्का, कामाशिवाय चालायचं कसं ते मला ठाऊकच नाही. दोनदा मी वाफ्यातलं तण उपटायला वाकलो, दोन्ही वेळा बब्रुवाननं कोपर मारलं. शहरातली माणसं बाकावर बसून नुसती बघत असतात. काय बघतात, देव जाणे.

बब्रुवाननं मला सगळी तऱ्हा समजावली. घरचे लोक मेंदीच्या कुंपणाखाली तंबाखू, भाकरी ठेवून पुढं जातात. कैदी तण काढायला आले की उचलतात. पहाऱ्याचा शिपाई भला माणूस, तो तेवढा वेळ पाठ फिरवतो. गुंडूसाठी बब्रुवान दर बाजाराला शेंगदाणे आणि गूळ ठेवायचा, ते जेवणात मोडत नाही म्हणून. तेवढ्यावरच आपला गुंडू जगला होता. हे नीट वाच, अक्का.

मग कैदी आले. गुंडूला मी आधी ओळखलंच नाही. मानेच्या शिरा मोजून घ्याव्यात असा झाला होता. घागर दोन्ही हातांनी छातीशी धरून तो आमच्याच बाजूला येत होता. बब्रुवाननं आपलं गाठोडं कुंपणाखाली सारलं आणि मला म्हणाला, ठेव.

मला ठेववेना. तिथं नुकतंच शेणखत टाकलेलं होतं, ओलं. स्वामींनी तळहातावर दिलेलं लिंग मी जमिनीवर कसं ठेवू? ते हातातून हातातच जायला हवं. तूही ठेवलं नसतंस. नसतंसच ना?

बब्रुवान दबक्या आवाजात म्हणाला, "धोंडप्पा, ठिव की खाली. पोरगं धुऊन घील."

मला त्याचा राग आला. ह्याला आमच्यातलं काय कळतं, असं मनात आलं. मी कुंपण ओलांडलं आणि गुंडूपुढं मूठ उघडली. "हात पुढं कर," म्हणालो.

त्यानं हात पुढं केला नाही. तो माझ्या मागं बघत होता. मागं हौदाच्या कठड्यावर जमादार बसला होता, तो मला दिसलाच नव्हता. जमादारासमोर शिपायाला पाठ फिरवता येईना. त्यानं मला दंडाला धरलं. मी मूठ मिटली. जमादारानं गुंडूला विचारलं, हा कोण?

गुंडू माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, "म्या न्हाय वळखत."

जमादार माझ्याकडं वळला. "इसकू पैचानता क्या?"

घरी पोरं आहेत, जगदेवी आहे. मी म्हणालो, "न्हाय साहेब."

गुंडूनं खाली बघून पाणी घालायला सुरुवात केली. त्याला तेच हवं होतं, माझी सुटका व्हावी म्हणूनच तो बोलला, हे मला कळतं. कळून उपयोग नाही. मला दोन ढोसे देऊन हाकलून दिलं. मग त्यांनी सगळी कुंपणं धुंडाळली. तंबाखू, भाकरी, गुंडूचे शेंगदाणे, सगळं निघालं. त्या दिवसापासून कैद्यांना बागेत आणायचं बंद झालं.

येताना बब्रुवान पुढं पुढं चालत राहिला आणि परस्पर माकणीला वळला. परवा मात्र तो माकणीहून चालत आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि मग त्या शिपायाकडून कळलेलं बोलला.

गुंडू गेला, अक्का. शेंगदाणे बंद झाल्यावर रामकिसननं आपली भाकर त्याच्या तोंडाशी नेली, हातापाया पडला, पण त्यानं तोंड उघडलं नाही. मी धाराशिवला धावलो. तुरुंगाच्या दारावर सांगितलं की मी त्याचा सख्खा भाऊ. फाटकावरचा माणूस म्हणाला, वारस कुणी नाही अशी नोंद आहे, कालच जाळला. आपल्या रीतीनं बसवून, हातात लिंग देऊन मातीत ठेवायचं पोर त्यांनी जाळलं.

तू धाडलेलं लिंग घरातल्या भिंतीच्या देवळीत आहे. त्याची पूजा मी करू का, तेही मला कळत नाही. ते त्याचं झालंच नाही आणि आमच्यापैकी कुणाचं नाही. स्वामींना विचारून कळव, किंवा नको कळवूस.

तू मात्र जेव. त्याच्या गळ्यात लिंग पडेपर्यंत अन्न नको म्हणालीस. आता तो गळाच राहिला नाही. मला बोल लावायचा असेल तर जेवून लाव, उपाशी राहून लावू नकोस. इथं रोज भाकरी पुढं आली की मी ती खातो, आणि मला भूक लागते, ह्याची मला लाज वाटते.

चारचौघांत त्याला ओळखत नाही म्हणून सांगून आलेला,
तुझा भाऊ
धोंडप्पा